चुना उकळतो, युरिया गारठतो



दसरा होऊन गेला की आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात चुन्याला एकदम मान येतो. नारायणगाव, ओतूर, आळे या अंगाला द्राक्षबागांची गोडी छाटणी चाललेली असते आणि बागाईतदाराला बोर्डो फवारण्याची घाई असते. वर घोडेगावच्या पश्चिमेला भात पिकून पिवळे पडत असते, दिवाळी तोंडावर असते, आणि घरच्या बायांनी भिंती पांढऱ्या करायचा धोशा लावलेला असतो. दोन्ही कामांना लागतो तो कळीचा चुना. दुकानातून आणताना तो अगदी थंड दगड. त्यावर विहिरीचे गार पाणी ओतले की तो तडतडतो, फुसफुसतो, वाफा टाकतो आणि पिंपातले पाणी उकळायला लागते. खाली जाळ नाही, कुणी काडी ओढलेली नाही. पोरे भोवती जमतात आणि एखादे विचारते, "आबा, यात विस्तव कुठून आला?" आबा म्हणतात, "चुन्याचा गुणच तो." आणि विषय मिटतो.

या पोराच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचे आजच्या पानावर ठरवले आहे. कारण एवढेच, की त्या उत्तरावर आपले पुष्कळ काही अवलंबून आहे. बोर्डो बिघडणे, ठिबकच्या नळ्या तुंबणे, चाळीतला कांदा सडणे, वैरणीची गंजी आपोआप पेटणे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे माणसाचा डोळा जाणे, या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दोन पदार्थ एकत्र येऊन त्यांचे तिसरे काही होते, तेव्हा उष्णता बाहेर तरी पडते किंवा आत तरी ओढली जाते.

चुन्यातला विस्तव हा भट्टीतला विस्तव आहे. चुनखडीचा दगड भट्टीत घालतात तेव्हा तो सुमारे नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. तेवढ्या तापाला त्या दगडात बसलेला कार्बन डायऑक्साइड वायू सुटून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू निघून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना हाती राहतो. हा वायू दगडाला घट्ट धरून बसलेला असतो. त्याला सोडवायला भट्टीवाल्याने जी लाकडे-कोळसे जाळले, त्यांची उष्णता नुसती दगड तापवण्यात गेलेली नसते. तिचा मोठा भाग वायू सोडवण्यात खर्ची पडलेला असतो. भट्टी निवली, चुना थंड झाला, तरी तो खर्च चुन्याच्या अंगावर देणे म्हणून राहतोच. सावकाराच्या वहीतल्यासारखे हे देणे असते. चुन्याला पाणी मिळाले की तो त्याच्याशी जोडला जातो आणि देण्याचा एक हप्ता फेडतो. पिंपात जी उकळी दिसते ती तो हप्ता.

हप्ता म्हटले, कारण सगळे देणे पिंपात फिटत नाही. हिशेब केला तर भट्टीत वायू सोडवायला जेवढी उष्णता लागली, तिच्यापैकी साधारण एक-तृतीयांशाहून थोडी जास्त चुना भिजवताना परत येते. राहिलेली जवळपास दोन-तृतीयांश कुठे जाते? ती भिंतीवर परत येते. चुन्याचा हात दिल्यावर तो हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड हळूहळू पुन्हा ओढून घेतो आणि परत चुनखडीचा दगड होऊन बसतो. म्हणूनच जुन्या वाड्यांचा आणि गडकोटांचा घाणीवर मळलेला चुना दगडासारखा टणक झालेला दिसतो. त्या वेळीही उष्णता निघते, पिंपात निघाली तिच्यापेक्षा जास्तच निघते. पण ती निघायला आठवडे, महिने लागतात. जाड दर्जेत तर वर्षेही लागतात. तोवर ती भिंतीतून, वाऱ्यातून निघून जाते आणि हाताला भिंत गारच लागते.

इथे एक गोष्ट मनात पक्की धरा. उष्णता किती निघाली हे एक, आणि तापमान किती चढले हे दुसरे. या दोन्हींत आपण नेहमी घोटाळा करतो. तापमान तीन गोष्टींवर ठरते. उष्णता किती निघाली, ती किती वेळात निघाली, आणि ती कितीजणांत वाटली गेली. एक भाकरी एकाने खाल्ली तर अर्धे पोट भरते, वीसजणांत वाटली तर घास घासही येत नाही. भाकरी मात्र तेवढीच.

शाळेत जाणाऱ्या पोराला जवळ बोलावून हे गणित करून पाहा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. एक किलो चांगला कळीचा चुना भिजताना सुमारे पावणेतीनशे किलोकॅलरी सोडतो. पंचवीस अंशांचे साडेतीन लिटर पाणी तेवढ्यात उकळीला येते. म्हणजे पंचवीस-तीस कप चहाचे आधण. आता तोच एक किलो चुना दहा लिटर पाण्यात भिजवला तर पाणी सुमारे सत्तावीस अंशांनी चढेल, म्हणजे बावन्न-त्रेपन्न अंशांवर जाईल. हात घालवणार नाही, पण उकळणार नाही. आणि पन्नास लिटरांत भिजवला तर जेमतेम साडेपाच अंश चढेल. तुम्हाला कळणारही नाही. चुना तोच, उष्णता तीच.

उलट बाजूही पाहा. चुन्याला भिजायला स्वतःपुरते पाणी लागते ते किलोला फक्त एक-तृतीयांश लिटर. कुणी किलोभर चुन्यावर तांब्या अर्धा तांब्या पाणी शिंपडले तर उष्णता वाटून घ्यायला पाणीच उरत नाही. मग तापमान उकळत्या पाण्याच्याही पुढे जाते. म्हणून कळीच्या चुन्याची पोती गळक्या छपराखाली ठेवणे फार धोक्याचे. वळवाचा शिडकावा पोत्यावर पडला आणि शेजारी कडबा, सरमाड, तागाची पोती असली तर त्यांना पेट घ्यायला वेळ लागत नाही. असल्या आगी बाहेरदेशी रेल्वेच्या डब्यांतही लागल्या आहेत. चुन्याची पोती फळ्यांवर, कोरड्या जागी आणि वैरणीपासून दूर ठेवावीत.

आता बोर्डोकडे येऊ. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो गावाकडचे. तिथे रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर येणाजाणाऱ्याने घड तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना फासत. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने १८८२ साली पाहिले की फासलेल्या वेलींची पाने केवड्यातून वाचली आहेत, बाकीच्यांची गळाली आहेत. त्याने त्यावर प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीवर लागू पडला. आज आपल्याकडे द्राक्षापासून टोमॅटोपर्यंत तो चालतो.

एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी, हे बहुतेकांना पाठ आहे. चुकते ते चुना भिजवण्यात. काहीजण घाईने सगळा चुना एकदम पन्नास लिटर गार पाण्यात लोटतात. त्याला तापच येत नाही. मग त्याच्या कळ्या आतून फुटत नाहीत, खडे तसेच राहतात आणि फवाऱ्याच्या तोंडात अडकतात. काहीजण अगदी थोडे पाणी घालतात. तेव्हा चुना जळल्यासारखा होतो आणि तोही रवाळ पडतो. किलोला चार-पाच लिटर पाणी लोखंडी पिंपात घ्यावे आणि त्यात चुना थोडा थोडा सोडावा. पाणी चांगले कढत होते, कळ्या फुटून लोण्यासारखा मऊ चुना होतो. प्लास्टिकची बादली या कामाला नको, ती मऊ पडून बसते. मग पाणी घालून पन्नास लिटर करावे, कापडातून गाळावे आणि निवू द्यावे. बेत आदल्या संध्याकाळचा असला तर उत्तम. रात्रभर पिंपावर झाकण ठेवायचे, म्हणजे हवा लागत नाही.

निवू द्यायचे ते कशासाठी? मोरचुदाचे पाणी आणि चुन्याची निवळी थंड असताना मिसळली की आकाशी निळा, अगदी बारीक साका तयार होतो आणि तो पाण्यात तरंगत राहतो. पानाला चिकटतो तो हाच. गरम गरम मिसळले तर साका जाड पडतो, लवकर तळाला बसतो आणि ताप जास्त असला तर काळसरही होतो. मग फवाऱ्यातून पहिल्या ओळींना पाणी आणि शेवटच्या ओळींना गाळ अशी वाटणी होते. केवडा काही ओळी मोजून येत नाही. मोरचुदासाठी मात्र लोखंडी भांडे वापरू नका, तिथे प्लास्टिकच हवे. मोरचुदातले तांबे लोखंडावर चढते आणि भांडेही खाते.

चुना भिजताना येणारा ताप हीच चुन्याची परखही आहे, आणि ही गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही. खडा पाण्यात टाकल्यावर मिनिट-दोन मिनिटांत तडकून वाफ निघाली तर चुना ताजा. नुसता भिजून बसला, कोमट सुद्धा झाला नाही, तर समजा की तो पोत्यात पडून पडून हवेतला ओलावा आणि वायू खाऊन निमला आहे. त्याचे देणे दुकानातच फिटले. असला चुना मोरचुदाला पुरा पडत नाही, तांबे मोकळे राहते आणि छाटणीनंतरची कोवळी फूट करपते. म्हणून मिश्रण झाले की त्यात घासून स्वच्छ केलेले विळ्याचे पाते किंवा खिळा मिनिटभर बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी निवळी घालावी, थर येईनासा होईपर्यंत. आजकाल पिशवीतली भिजवलेल्या चुन्याची भुकटी मिळते. ती तापत नाही याचे कारण तिला कारखान्यातच पाणी पाजलेले असते. तिच्यात पाण्याचे वजन धरलेले असल्यामुळे एक किलो कळीच्या चुन्याच्या जागी ती सुमारे एक किलो तीनशे ग्रॅम लागते. तीसुद्धा जुनी झाली की निमते, तेव्हा पात्याची परीक्षा तिलाही चुकत नाही.

आता डोळ्याचे. चुना भिजवताना वाकून पाहू नका. तोंड बाजूला, वारा पाठीमागून, डोळ्यांवर चष्मा, आणि पोरे दहा हात लांब. झाकण लावलेल्या डब्यात, बाटलीत चुना आणि पाणी कधीही घालू नका. वाफ कोंडून डबा फुटतो. उडालेला थेंब एक तर कढत असतो आणि दुसरे म्हणजे दाहक असतो. थंड झाला तरी दाहकपणा जात नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा नळी घ्या ना. ती गारच असते. पण लहान मुलांनी खेळता खेळता ती दाबून फुटली आणि डोळा गेला, असे प्रकार आपल्या देशातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहून ठेवले आहेत. पुडी सदऱ्याच्या खिशात ठेवून सदरा खुंटीला टांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे वाचावे. डोळ्यात चुना गेलाच तर त्या क्षणी स्वच्छ पाण्याची धार धरायची, पापण्या उघडून, आतले कण निघून जातील अशी, वीस मिनिटे ते अर्धा तास, आणि मग लगेच दवाखाना. दूध, तूप, मध, लिंबू यांतले काहीही घालायचे नाही. गाडी मिळेपर्यंत धुणे थांबवायचे नाही. कोरडी भुकटी अंगावर सांडली असेल तर आधी ती कोरड्या फडक्याने झटकून टाकायची, मग पाणी.

याच जातीचा दुसरा धोका ठिबक धुण्याच्या आम्लाचा. गंधकाचे तीव्र आम्ल पाण्यात मिसळते तेव्हा किलोमागे चुन्याच्या जवळपास जाईल इतकी उष्णता सोडते, आणि तीही क्षणात. आम्लात पाणी ओतले तर पाणी हलके म्हणून वरच राहते, तिथल्या तिथे उकळते आणि आम्लाचे शिंतोडे तोंडावर उडवते. पाण्यात आम्ल बारीक धारेने सोडले तर जड आम्ल खाली जाते आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. मघाचेच भाकरीचे गणित. आधी पाणी, मग आम्ल. ट्रॅक्टरच्या बॅटरीचे आम्ल घरी पातळ करत बसूच नये, तयार मिळते.

हे झाले उष्णता बाहेर टाकणारे. उष्णता ओढून घेणारेही असतात. युरियाचा हात बादलीत घातला की पाणी गार लागते, हा अनुभव घरच्या बायांनाही आहे, कारण विरघळवण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. युरियाचे खडे सुटे व्हायला उष्णता लागते आणि ती तो पाण्यातूनच घेतो. दहा लिटर पाण्यात किलोभर युरिया टाकला तर पाणी पाच-सहा अंशांनी उतरते. खेळाडूंचा पाय मुरगळल्यावर दाबायची जी गार पिशवी मिळते, तिच्यातल्या काहींत युरिया आणि पाण्याची पुडीच असते. याला रासायनिक क्रिया म्हणायचे की नुसते विरघळणे, यावर पंडितांना वाद घालू द्या. बादली गार होते ती होतेच. जाता जाता एक सांगतो. युरियाच्या पाण्याची बादली गोठ्याजवळ ठेवून इकडेतिकडे जाऊ नका. तहानलेले जनावर ते पिते आणि तास-दोन तासांत हातचे जाते.

युरियापेक्षा जास्त गारठवणारे खत म्हणजे आपल्या बागाईतदारांचे लाडके तेरा-शून्य-पंचेचाळीस, अर्थात पोटॅशियम नायट्रेट. किलोला दहा लिटर पाणी घेतले तर सात-आठ अंश उतरतात. पौषातल्या थंडीत कुकडी-मीनेच्या खोऱ्यात पहाटे काय गारठा असतो, ते तुम्हाला सांगायला नको. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या टाकीतले पाणी पंधरा अंशांचे धरा. त्यात लिटरला दोनशे ग्रॅम खत लोटले की पाणी आणखी दहा-बारा अंश खाली जाते. आणि हे खत पाणी गार झाले की कमी विरघळते. वीस अंशांच्या लिटरभर पाण्यात ते तीनशे ग्रॅम जिरते, दहा अंशांना दोनशेच, त्याखाली आणखी कमी. म्हणजे खत स्वतःच पाणी गारठवते आणि मग त्याच पाण्यात विरघळायला नाही म्हणते. तळाला साखरेसारखा थर दिसतो, माणूस म्हणतो खतात भेसळ आहे, आणि दुकानदाराशी भांडायला नारायणगावला जातो. भेसळ असतेही कधीकधी. पण आधी तो थर वेगळा काढून कोमट पाण्यात टाकून पाहावा. विरघळला तर दुकानदार निर्दोष. थंडीत खत दुपारी विरघळवावे, पाणी जास्त घ्यावे आणि पूर्ण विरघळल्याशिवाय ठिबकला सोडू नये.

आता आपल्या उकिरड्याकडे वळू. हिवाळ्याच्या सकाळी शेणखताचा ढीग उकरला की वाफ निघते. इथे चुना नाही, आम्ल नाही, मग ताप कसला? वाळली गोवरी चुलीत घातली तर अर्ध्या तासात जळते आणि भाकऱ्या भाजते. तीच गोवरी, म्हणजे तेच शेण आणि पालापाचोळा, ढिगात सूक्ष्मजंतू खातात. हवेतला प्राणवायू घेऊन पदार्थ मोडायचा आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी करून सोडायचे, ही क्रिया दोन्हीकडे एकच. चुलीत ती मिनिटांत होते म्हणून जाळ दिसतो, ढिगात आठवडे लागतात म्हणून नुसती वाफ. तरीही नीट रचलेल्या ढिगाच्या पोटात साठ-सत्तर अंश ताप चढतो. पाटीभर शेण तापत नाही, गाडीभर तापते, कारण पाटीतली उष्णता चहूबाजूंनी निघून जाते आणि ढिगाच्या पोटातली निघायला वाट सापडत नाही.

हा ताप आपल्या उपयोगाचा आहे. साठ अंशांत काही दिवस राहिले की तणाचे बी आणि माशीच्या अळ्या मरतात. आपल्या पश्चिम भागात भाताच्या रोपासाठी राब भाजतात तेव्हाही तणाचे बी मारणे हाच एक हेतू असतो. तिथे घटकाभराचा जाळ, इथे आठवड्याचा ताप. राब भाजणाऱ्याला अडाणी म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण डोंगरउतारावर जिथे पाऊस पडताच तण रोपाच्या वर जाते तिथे त्याने ही रीत उगाच धरलेली नाही. मात्र तो पाला ढिगात कुजवला तर तणही मरते आणि खतही हाती राहते, हे त्यालाही पटण्यासारखे आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी विटांची भोके ठेवलेली टाकी सुचवली, ती त्यांच्या आद्याक्षरांवरून नाडेप म्हणून देशभर गेली. ती भोके हवा आत जाण्यासाठी आहेत. हवा नाही तर ताप नाही.

ताप यायच्या आधीचे ओले खत मात्र मुळाशी घालू नका. कोंबडखताचे तर नावच नको. मंचर-अवसरी, नारायणगाव भागात कोंबड्यांचे खत भरपूर मिळते आणि ओलेच द्राक्षाच्या चरात ओढले जाते. मग जो ताप ढिगात यायचा तो पांढऱ्या मुळीशेजारी येतो, वर अमोनिया वायू. वेल पिवळी पडली की आपण औषध शोधत फिरतो. दोन-तीन महिने पाणी मारून, खालीवर करून कुजवलेले खत हाताला गार लागते. तेव्हा ते घालावे.

गोबरगॅसच्या टाकीत हेच शेण असते, पण ती तापत नाही, हे कधी लक्षात आले का? आत हवा नसते. तिथले जंतू शेण मोडतात, पण त्यातली बहुतेक उष्णता बाहेर न टाकता मिथेन वायूत बांधून ठेवतात. ती सुटते ती तुमच्या शेगडीवर, निळ्या ज्योतीत. म्हणून थंडीत टाकीला स्वतःची ऊब नसते आणि गॅस कमी पडतो. शेण कालवायला उन्हात तापलेले कोमट पाणी घ्यावे. टाकीच्या भोवती ओल्या पालापाचोळ्याचे खत रचले तर त्याचा ताप टाकीला मिळतो. एकाने सोडलेली उष्णता दुसऱ्याला.

कांदा तर जिवंतच असतो. काढला, वाळवला, चाळीत भरला तरी तो श्वास घेत राहतो. स्वतःतली साखर थोडी थोडी जाळतो आणि उष्णता व पाण्याची वाफ सोडतो. एका कांद्याची ऊब ती काय, पण चाळीत असे लाखो असतात. त्यात वाईट हे, की तापमान दहा अंशांनी वाढले की हा श्वास साधारण दुप्पट होतो. म्हणजे ढीग तापला की कांदा जास्त श्वास घेणार, त्याने ढीग आणखी तापणार. वाफेने ओल धरणार, ओलीत बुरशी आणि सड. मंचर-ओतूरच्या बाजारात भाव चढायची वाट पाहत असताना आत हे चाललेले असते. शेजारच्याच राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. चाळ चार फुटांपेक्षा रुंद नको, ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच नको, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर आणि फटींचा हवा, असे जे सांगतात ते एवढ्यासाठीच. गार हवा खालून शिरते, ऊब आणि वाफ घेऊन वर निघून जाते. जास्त माल बसावा म्हणून पाच फुटांचा ढीग आठ फूट केला तर वरचे तीन फूट खालच्या पाच फुटांची नाकेबंदी करतात. चाळीत हात खुपसून पाहायची सवय ठेवा. आतला कांदा बाहेरच्यापेक्षा उबदार लागला तर त्या बाजूची निवड त्याच आठवड्यात करा, भाव असो नसो.

शेवटी गंजी. भाताचा पेंढा, सरमाड, कडबा ओलसर असताना रचला तर त्यातही जंतूंचा तोच ताप सुरू होतो. साठ-सत्तर अंशांपर्यंत जंतू तापवतात, मग ते मरतात, पण तेवढ्या तापाला वैरण हवेशी स्वतःच जळायला लागते आणि ताप चढतच जातो. रचल्यापासून दोन ते सहा आठवडे धोक्याचे. गंजीला गोडसर, करपट वास येऊ लागला, वरून वाफ दिसली, तर लोखंडी सळई पोटापर्यंत खुपसून पंधरा मिनिटांनी बाहेर काढावी. टोक हातात धरवते तर ठीक. धरवत नसेल तर गंजी घाईने उपसू नका. आत कोंडलेल्या तापाला एकदम हवा मिळाली की भडका होतो. आधी जनावरे सोडून लांब बांधा, पाण्याची पिंपे आणि पंपाची नळी जोडून तयार ठेवा, चार माणसे बोलवा, आणि मग एका कडेने, पाणी मारत मारत गंजी मोडायला घ्या. गंजीवर चढून मात्र कुणी उभे राहू नये. आतून जळून पोकळ झालेली असेल तर माणूस थेट आत जातो.